दोन गोल आणि गल्लीभर पुरावे

"सर, मी तुमच्यापेक्षा चांगलं शिकवलं तर काय द्याल?"

दहावीच्या अख्ख्या वर्गानं माना वळवल्या! प्रश्न जोयाच्या तोंडून निघाला होता, पण डाव तिच्या मैत्रिणींचा, मनिषा आणि वनमालाचा. दोघी मागच्या बाकावरून तिला चिमटे काढत होत्या, "विचार की! एरवी लई बोलतीस!" आणि पंधरा ऑगस्टला गावासमोर भाषण ठोकल्यापासून जोया कशालाच मागं सरत नव्हती. तिचा आवाज घरातल्या कुकरच्या शिट्टीच्या वर गेला होता.

पंडित सरांनी शांतपणे खडू खाली ठेवला.

"परवा शिक्षक दिन हाय. चौथीचा वर्ग घे. गोष्टीतल्या दोन पात्रांची तुलना शिकव. पोरं 'दोघं बी चांगले होते' म्हणून मोकळी होतात, त्याच्यापुढं त्यांना ने. जमलं, तर मी सोता तुझ्या घरी येतो अन् अब्बांना सांगतो, पोरीला अकरावीला अंबाजोगाईला पाठवा."

अंबाजोगाई! तिथं शिकायचं आणि पुढं शिक्षिका व्हायचं, हे जोयानं कधीच ठरवलं होतं. पण हे नाव निघालं की फळांचा गाडा लावणारे तिचे अब्बा, मैनुद्दीन, केळी पुसायला लागायचे. पुसून पुसून केळ्यांना चकाकी यायची, उत्तर काही यायचं नाही.

शिक्षक दिनाला जोया अम्मीची जांभळी साडी नेसून, अकरा पिनांच्या आधारानं, चौथीच्या वर्गात शिरली. फळ्यावर तिनं दोन मोठे गोल काढले, एकमेकींवर अर्ध्या चढलेल्या दोन भाकरींसारखे. डाव्या गोलात शेळी, उजव्यात म्हैस आणि मधल्या जागेत दोघींमधलं सारखं. मग गोष्ट सांगितली. दोघी तहानलेल्या, हौद एकच. शेळी घुसून पाणी प्यायली, म्हैस वाट बघत उभी राहिली.

"सांगा, दोघींत फरक काय?"

"दोघी बी चांगल्या होत्या!" वर्ग एका सुरात ओरडला.

"चांगल्या म्हणजे काय? पुरावा द्या, पुरावा! कुणी काय केलं, काय बोललं, ते सांगा!"

शेवटच्या रांगेतला म्हाळू हळूच उठला. "बाई, शेळी उतावळी. पुरावा, ती मधीच घुसली. म्हैस दमानं घेणारी. पुरावा, ती थांबली. अन् मधल्या गोलात तहान. ती दोघींना बी लागलती."

जोयाला वाटलं, त्याची खांद्यावर बसवून मिरवणूक काढावी! पुढच्या अर्ध्या तासात वर्गानं पुराव्यांचा नुसता पाऊस पाडला. सर दारात उभे राहून हसत होते. आता थांबायला काय हरकत होती? पण नाही! साडीच चढली होती डोक्यात.

"गृहपाठ! घरातल्या दोन माणसांची तुलना करून आणा. पुराव्यासकट! आणि खाली घरच्यांची सही पायजे!"

इथंच माती झाली. तिच्या गल्लीतल्या आज्या कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देत नाहीत. बचत गटात शिकलेली शिस्त!

संध्याकाळी पाच वाजता शेजारच्या वत्सलाबाई नातवाचा, म्हाळूचा, दंड धरून अंगणात हजर.

"कुठं हाय ती मास्तरीण? म्हाळ्या, वाच! मगाशी वाचलास तसंच वाच!"

म्हाळूनं वही तोंडाला लावली. "आजी म्हणते, चहात साखर कमी. पुरावा, रोज म्हणते. आई साखर कमीच टाकते. पुरावा, डबा कपाटात लपवते. मधला गोल. दोघी एकमेकींचं गाऱ्हाणं बाबाला सांगतात. बाबा मोबाईल बघतो."

"डबा लपवला, हे मला आज कळलं गं!" वत्सलाबाई गरजल्या.

तेवढ्यात गल्लीतले मोहनराव आले, नातीची वही उपरण्यात झाकून. "हळू बोला, बायको मागून येतीय. पोरीनं लिवलंय, आजोबा उपासाला भजी खातात. पुरावा, मला बी दिली!"

अब्बा अंगणात लावलेल्या गाड्यावरची केळी पुसायला लागले. जोयाला अंबाजोगाईची बस डोळ्यांदेखत निघून जाताना दिसली!

आणि नेमकी आतून हुस्ना आली. जोयाची धाकटी बहीण, तीही चौथीतच. "अब्बा, माज्यावर बी सही करा."

"हुस्ना, आत जा!" जोया किंचाळली.

"थांब," वत्सलाबाई म्हणाल्या. "हिच्या घरचं बी ऐकू दे. वाच गं."

"अब्बा अंबाजोगाई म्हटलं की गप्प बसतात. पुरावा, केळी. जोया आपा अंबाजोगाई म्हटलं की लई बोलते. पुरावा, सगळ्या गल्लीला म्हायती. मधला गोल. दोघं बी घाबरतात. पुरावा, अब्बा रोज कंडक्टरला विचारतात, पोरी एकट्या जातात का. आपा पांघरुणात रडते. म्हणते, अम्मीशिवाय झोप येईल का."

अम्मीनं, अजमतबीनं, पदर तोंडाला लावला. अब्बांनी केळं खाली ठेवलं.

"रडतीस कावून?"

"तुमी कंडक्टरला विचारता कावून?"

वत्सलाबाईंनी नाक ओढलं. "मास्तरीण ब्येस हाय. गृहपाठ तेवढा वंगाळ."

अब्बांनी पेन मागितला आणि हुस्नाच्या वहीवर सावकाश सही केली. "कंडक्टर म्हणतो, लई पोरी जातात," ते वहीकडं बघतच म्हणाले.

जोयानं डोळे पुसले, ताठ उभी राहिली आणि पंधरा ऑगस्टचा आवाज लावला, "अब्बा, अम्मी, ठरलं! मी अंबाजोगाईला जाणार! घाबरत जाणार, पण जाणार! अन् शिक्षिकाच होणार!"

तेवढ्यात फाटक वाजलं. "जोया हाय का घरी?"

पंडित सर! दिल्या शब्दाला जागून आले होते. पण त्यांच्या काखेत एक वही होती. जोयाला आत्ता आठवलं, सरांची धाकटी लेकही चौथीतच होती. आणि सर घरी भांडी घासतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं; आता ते वहीतही पुराव्यासकट उतरलं असणार.

जोया साडी गोळा करून आत पळाली आणि दाराआडून दबक्या आवाजात म्हणाली, "अब्बा, अम्मी, अजून एक ठरलं. आत्ता मी घरात न्हाई!"