एका चालीचं देणं

प्रबोधचे पणजोबा रामचंद्रपंत सातारा जिल्ह्याच्या संघातून बुद्धिबळ खेळले आणि ताठ मानेने हरले. आजोबा गोविंदराव खेळले आणि सांगलीविरुद्ध जिंकले. वडील यशवंतराव खेळले आणि पटासमोरच पेंगले. प्रबोध सिंगापुरात बँकेत मोठा साहेब झाला आणि इथल्या सातारकरांच्या संघाचा कप्तानही झाला. कारण कप्तानाला खेळावं लागत नाही, हा शोध त्याने वेळेवर लावला होता. त्याच्या आई सरोजिनीबाई हे सर्वांना सांगत, आणि तो समोर असला की अधिक स्पष्टपणे सांगत.

गोविंदरावांच्या विजयात मात्र एक काटा होता. कराडच्या वाचनालयात रंगलेल्या त्या आंतरजिल्हा सामन्यात त्यांचा हात चुकून वजिराला लागला. हात लागलेलं मोहरं हलवायचंच, हा नियम; आणि वजीर हलला की मात ठरलेली. समोर बसलेले सांगलीचे अण्णा म्हणाले, "राहू द्या, दुसरी चाल करा." गोविंदरावांनी केली आणि जिंकले. तेव्हापासून या घरावर सांगलीचं एका चालीचं देणं होतं. अण्णांचा नातू निशिकांत यानेही सिंगापुरातच नोकरी धरण्याचा आगाऊपणा केल्यामुळे दरवर्षी त्याची उजळणी होई.

स्पर्धाही आता इथेच भरे. जुन्या काळी संघ मांडीवर पट घेऊन एसटीने जात. आता सेरंगूनच्या एका कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये एसी लावून, समोसे आणि बबल टी यांच्या साक्षीने जिल्ह्याजिल्ह्यांची अब्रू पणाला लागे. पुण्याचा संघ नियमांवर वाद घालून दमे आणि खेळायच्या वेळी घरी जाई.

यंदा ठिणगी पडली ती सुनेवरून. प्रबोधची बायको अश्लेषा लग्नाआधी सांगलीकडून खेळलेली, आणि इथल्या स्पर्धेत प्रथमच उतरणार होती.

"काकू, वहिनी आमच्या जिल्ह्याच्या," निशिकांतने बैठकीत विषय काढला. "जन्म सांगलीचा, शिक्षण सांगलीचं. बुद्धिबळही सांगलीचं."

"आणि मंगळसूत्र?" सरोजिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लग्न झालं की बाईचा जिल्हा सासरचा. मोठ्या अक्षरांत लिही आणि भिंतीवर लाव. पुन्हा विचारायला येऊ नकोस."

अश्लेषाला कोणी विचारलं नाही. तिने समोसा घेतला.

"आजी, सो इफ आय मॅरी, व्हिच डिस्ट्रिक्ट लाह?" नात श्रियाने विचारलं.

"आधी मराठीत विचार. मग लग्नाचं बघू."

निशिकांतने नियम खरोखरच लिहून भिंतीवर डकवला. एवढ्या आज्ञाधारकपणाचा वास सरोजिनीबाईंना यायला हवा होता. सामन्याच्या दिवशी गार्गी आली. ही सरोजिनीबाईंची थोरली लेक, नोव्हेनाच्या इस्पितळात डॉक्टर, साताऱ्याचा पहिला पट आजवर तिचाच. निशिकांतने सांगलीच्या बाजूची खुर्ची अदबीने ओढली.

"या, ताई. तुमचे यजमान सुबोधराव मिरजेचे. मिरज आमच्याच जिल्ह्यात."

"वेड लागलं का तुला? ती माझी मुलगी आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत." त्याने भिंतीकडे बोट केलं.

"मग नियम बदला."

"बदलू की. वहिनींना इकडे पाठवा."

"आई, राहू दे आता," प्रबोध पुटपुटला.

"तू कप्तान आहेस ना? निदान तसा दिसत राहा."

गार्गी मुकाट्याने सांगलीकडे बसली; समोर पहिल्या पटावर अश्लेषा. या नणंद-भावजयींमध्ये आजवर कधी वाजलं नव्हतं. सरोजिनीबाईंच्या नियमाने तीही उणीव भरून काढली.

बाकीचे पट मिटले तेव्हा दोन्ही जिल्हे बरोबरीत होते. फिरती ढाल आता या एका डावावर आली. गार्गीचं पारडं जड होतं. तेवढ्यात तिच्या खिशात इस्पितळाचा फोन थरथरला, आणि हत्तीकडे निघालेला तिचा हात वजिराला लागला. वजीर हलला की मात. पेंगुळलेले प्रेक्षकही सावरून बसले.

"आई, आपण जिंकलो," प्रबोध म्हणाला. एवढं त्यालाही कळलं.

सरोजिनीबाईंनी निशिकांतकडे पाहिलं.

"एरवी तुझी टकळी थांबत नाही. आज देण्याची आठवण नाही का?"

"मागून घेतलं तर ते फिटलं कसं म्हणायचं, काकू? अण्णांकडे तरी कोणी मागितलं होतं?"

सांगलीच्या माणसाने शहाण्यासारखं बोलावं, हे सरोजिनीबाईंना सहन होण्याजोगं नव्हतं. त्यांनी ढालीकडे एकदा पाहिलं, मग सुनेकडे.

"अश्लेषा, पट तुझा आहे. तुझं काय म्हणणं?"

लग्नानंतर हा प्रश्न तिने या आवाजात प्रथमच ऐकला. तिने क्षणभर सासूबाईंकडे पाहिलं, मग नणंदेकडे.

"राहू द्या, ताई. दुसरी चाल करा."

गार्गीने हत्ती हलवला. थोड्याच वेळात साताऱ्याचा राजा कोपऱ्यात सापडला. सरोजिनीबाई स्वतः उठल्या, ढाल उचलली आणि निशिकांतच्या हातात ठेवली.

"घे. तुझ्या अण्णांची चाल पोचली म्हण."

"पोचली, काकू. पुरती फिटली." मग त्याला राहवलं नाही. "पण फेडली शेवटी सांगलीच्या लेकीनं."

सरोजिनीबाईंनी मागे वळूनही न पाहता भिंतीकडे बोट केलं.

"वाच. साताऱ्याची सून आहे ती."