फुकटात हसणारं चेडू

सहा महिन्यांच्या संचिताचं घरच्या घरी मनोरंजन करणे, हा मालवणच्या किनाऱ्यावरच्या त्या घरापुढे उभा राहिलेला गंभीर प्रश्न होता. आई वर्षाली घरी ब्लाउज शिवायची. चतुर्थी तोंडावर आलेली, गिऱ्हाइकांचं कापड गाठोडंभर, आणि मशीनवर पाय पडला रे पडला की संचिताने भोकाड पसरलंच! बाप विकीच्या होडीचं इंजिन बिघडलेलं. त्यामुळे दुकानातल्या गाणाऱ्या, गरगरणाऱ्या खेळण्याकडे नुसतं बघून यायचं, तेही लांबून. खुळखुळा झाला, करवंटी झाली, विकीने माकडउड्या मारून झाल्या. पोर त्याच्याकडे अशी बघायची, की तो बिचारा गुमान खाली बसायचा.

शेवटी आजोबा नाना वैतागले. गावात गाऱ्हाणं घालायचा मान नानांचा. देवापुढे गावाचं मागणं त्यांनी मांडायचं आणि दर मागण्याला गावाने होकार भरायचा, ही रीत. नानांनी पाळण्यापुढेच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाच्या पाठी जी काय रडारड लागली आसा, ती सातासमुद्रापलीकडे भिरकाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विकी आणि वर्षाली सवयीने ओरडली.

संचिता हसली. अहो, हसली कसली, पाय झाडून खिदळली! वर्षालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. नाना गाऱ्हाणं लांबवत गेले आणि तेवढ्यात तिचा एक ब्लाउज बाह्यांसकट पुरा झाला.

खर्च शून्य. पण फुकटची वस्तूही महाग होते, तिला जरा वेळ द्यावा लागतो. पोरीला दोन आवाज पुरेनात. मग शेजारची मासेवाली गोदूबाई पाटी उतरवून ओरडायला बसली. तिच्या मागून तिची सून आली, समोरचा रिक्षावाला आला. ओरडून घसे सुकले, म्हणून चहा आला. चहा करणार कोण? वर्षाली. मशीन पुन्हा बंद.

एवढ्यात हे भाईंच्या कानावर गेलं. भाई म्हणजे गावातल्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष. जिथे समिती नसेल तिथे ते आधी ती काढत आणि मग अध्यक्ष होत.

"असा विस्कटून ओरडलास तर चलाचा नाय," भाई म्हणाले. "समिती व्हयी!"

बालहास्य संवर्धन समिती स्थापन झाली. चहासाठी उपसमिती झाली, तिच्यावर वर्षालीची बिनविरोध निवड झाली. संचिताला एकमेव लाभार्थी म्हणून जाहीर करण्यात आलं. बातमी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला पोचली. तिथल्या बालरंजन कक्षाच्या कारकिर्दीत अद्याप एकही बाळ हसलेलं नव्हतं, त्यामुळे कक्षाचे साहेब गाडी काढून धावतच आले.

साहेबांची खुर्ची मावेना म्हणून पाळणा कोपऱ्यात सरकवला. साहेब उभे राहिले, हात उंचावला आणि म्हणाले, "या अभिनव उपक्रमाची शासनाने दखल घेतली आहे!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं अंगण गरजलं.

साहेब दचकले. मग त्यांना गोड वाटलं. असं त्यांना घरीसुद्धा कोणी म्हणत नसे.

"आपल्याकडचे रस्ते उत्तम आहेत!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज रिक्षावाल्याचा. त्याचा टायर आदल्याच दिवशी खड्ड्यात फुटला होता.

आता साहेब खिदळायला लागले. त्यांचे पायसुद्धा हलू लागले. कोपऱ्यात संचिता रडत होती, पण तिकडे बघायला सवड कोणाला?

"तेव्हा, नियमावली येईपर्यंत या घरात विनापरवाना हसवाहसवी बंद! आणि पाळणा, बाळ वगळून, प्रदर्शनासाठी ओरोसला जमा!"

"व्हय म्हाराजा!"

शिपायाने लगेच पाळण्याच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. नानांचं तोंड उघडंच राहिलं.

"रे विकी, आपण कशाक व्हय म्हटला?"

"माका काय म्हायत? समोरच्याचा बोलणा संपला की तोंडातसून येताच!"

वर्षाली पुढे झाली. कडेवर रडतं पोर, हातात कात्री आणि मनात न शिवलेले ब्लाउज.

"नाय म्हाराजा!"

गोदूबाईच्या हातातली कपबशी कलंडली.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"नाय! पाळणो खंय जावचो नाय. आणि माझ्या चेडवाक हसवूचा बंद होवचा नाय!"

आणि संचिता फुटलीच! पहिल्याहून दुप्पट खिदळली, हसता हसता तिला उचकी लागली. असा ठणकावून म्हटलेला 'नाय' तिने जन्मात ऐकला नव्हता. साहेबांनीही बहुधा नव्हता, कारण ते पाळणा तिथेच सोडून तडक गाडीत जाऊन बसले.

तेव्हापासून संचिताला एकच आवाज आणि एकच शब्द पुरतो. वर्षाली मशीनवर पाय मारता मारता "नाय म्हाराजा" म्हणते, पोर हसते, शिवण पुढे सरकते. ब्लाउज वेळेत जातील.

गावालाही मदत करायची आहे. भाईंनी तालीम ठेवली. "आता सगळ्यांनी 'नाय' म्हणाचा, कळला?"

"व्हय म्हाराजा!"

तुम्ही हसताय. हसा. तुमच्या दारात उद्या असा साहेब आला, तर तुम्ही मात्र वर्षालीसारखं ठणकावून सांगाल, होय ना?

बघा, हललीच मान.