तीन, पाच, सात, नऊ

मोआला सरांनी लुपेचा कागद फळ्यावर उतरवून घेतला, तेव्हा कुठे लुपेच्या लक्षात आलं की हे आपण परीक्षेसाठी रचलेलं भजन नव्हेच.

आमच्या टोंगात देवळातलं गाणं आकड्यांत लिहितात. सा म्हणजे तीन, आणि चढत चढत नी म्हणजे नऊ. एक आणि दोनला आवाजच नाही. फळ्यावर मात्र तिच्या तान्ह्या तेविताच्या दूध पिण्याच्या वेळा होत्या. तीन, पाच, सात, नऊ. तीन, पाच, सहा, आठ. तीन महिन्यांचा तो लबाड दहा ते दोन गाढ झोपे, दिवसाही आणि रात्रीही. एकदा जरी एक वाजता रडला असता, तर चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती!

आज नापास म्हणजे विद्यापीठात आणखी एक वर्ष, आणि तेविता आजीबरोबर बोटीने दूर वावाऊ बेटावर. सासूबाईंनी त्याचं गाठोडं बांधूनसुद्धा ठेवलं होतं.

"सर, तो कागद..."

"गप गं पोरी. आपलं गाणं चालू असताना मधे बोलायचं नसतं. हं, संथ घ्या रे!"

वर्गातल्या चाळीस गळ्यांनी चाल उचलली. मागच्या रांगेतल्या खर्जवाल्यांनी खालून आपसूक सूर भरला. नवापर्यंत चढलेला आवाज तिथेच तरंगत राहिला, उतरायची घाई नसल्यासारखा. खिडकीबाहेर ओहोटीचं पाणी सावकाश मागे सरत होतं, विलायती फणसाचं पानही हलत नव्हतं. पुढच्या बायकांचे डोळे अर्धे मिटले. लुपेला वाटलं, हा तीनचा सूर म्हणजे पहिला कोंबडा. हा पाचचा, कुंपणाशी डुकरं कुरकुरतात तेव्हाचा. तिची मान कलली. पण अंगाने चाल ओळखली होती. दुसऱ्या पाचावर तिला पान्हा फुटला. तिने रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई घाईघाईने छातीपर्यंत ओढली.

तेवढ्यात दार ढकलून दवाखान्याच्या तालिता सिस्टर आत आल्या. हातात कागद.

"लुपे! एका दिवसात बत्तीस वेळा पाजलंस? आणि या चार-चार ओळी कसल्या? मुलं किती गं तुला?"

"चार, सिस्टर!" मागून एक खर्जवाला म्हणाला. "दोन बायकी आवाजाची, दोन पुरुषी."

सगळे खो-खो हसले. सरांनी कागद घेतला, गुणगुणून पाहिला. "अगदी बरोबर आहे. नियमाला धरून." त्यांना जांभई आली. "मग फळ्यावर काय आहे?"

"दुधाच्या वेळा, सर. दवाखान्यात द्यायच्या होत्या. सकाळी घाईत कागदांची अदलाबदल झाली." लुपेच्या डोळ्यांसमोर ते गाठोडं आलं, तरी खोटं तिच्या तोंडून निघेना. "ती चाल माझी नाही. तेविताची आहे."

सरांनी फळ्यावरच्या आकड्यांवरून खडू फिरवला.

"या प्रत्येक आकड्याला उठलं कोण?"

"मी."

"मग चाल तुझीच. पास."

"पास काय, पास!" सिस्टर फळ्यापाशी गेल्या. "नवानंतर एकदम तीन? सहा-सहा तास लेकरू उपाशी?"

"तिथे श्वास घ्यायचा असतो, सिस्टर," सर डोळे मिटूनच म्हणाले.