अकरा नंबरची बशी

निमकर काकांसमोर आपल्या जावयाचं कौतुक करू नये. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी ते केलं होतं. "जावई म्हणजे अगदी हिरा मिळालाय हो."

काकांनी विचारलं, "जावई किती आपल्याला?"

"एकच."

"मग नमुना लहान आहे. इतक्यात काही म्हणू नका."

त्या बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

काका मांजर्लीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. अंबरनाथच्या एका औषधांच्या कारखान्यात ते संख्याशास्त्रज्ञ होते. नवी गोळी खरंच गुण देते की नुसता तसा भास होतो, हे आकड्यांवरून ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गोळ्या संपल्या, आम्ही राहिलो. डासांची कुठली अगरबत्ती चांगली, हे ठरवायला त्यांनी आठ घरांत वेगवेगळ्या अगरबत्त्या लावल्या आणि सकाळी घरोघर जाऊन माणसांच्या दंडावरचे चट्टे मोजले. एका वर्षी पुराचं पाणी गेटशी आलं. आम्ही तळमजल्यावरचे फ्रिज उचलत होतो आणि काका एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पट्टी घेऊन पाणी मोजत होते. "वेग मंदावतोय. गाद्या उचलू नका." खरोखरच पाणी पायरीशी थांबलं. फक्त मोजण्याच्या नादात काकांच्या चपला वाहून गेल्या. मी त्यांचं अभिनंदन केलं, तर म्हणाले, "एकदाच बरोबर आलंय. नमुना लहान आहे."

माझं त्यांच्याशी जमतं. मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं. त्यामुळे त्यांच्या प्रयोगांची वही माझ्याकडे असते.

निमकर काकू मात्र कुठल्याच प्रयोगात नसत. गेली दोन वर्षं त्यांचे हात थरथरतात. एका हळदीकुंकवाला त्यांच्या हातून चहा सांडला, शेजारणीच्या नव्या साडीवर. कोणीतरी हसलं. तेव्हापासून काकूंनी बाहेर चहा घेणं सोडलं, आणि मग बाहेर जाणंही. काका रोज संध्याकाळी विचारायचे, "खाली येतेस?" त्या रोज म्हणायच्या, "तुम्ही या जाऊन." हा नमुना काही लहान नव्हता.

अशात लछूभाई आले. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं प्लॅस्टिक मोल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी त्यांनी एक कप बनवला होता. बूड जड, दोन बाजूंना दोन कान, काठ जरासा आत वळलेला.

"साईं, दवाखानेवाले पूछते हैं, प्रूफ किधर है. आप बस लिख के दो, कप फर्स्ट क्लास है."

"देईन की लिहून," काका म्हणाले. "आधी सांडून बघतो."

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सांडायचा कार्यक्रम ठरला. साठीपुढची वीस माणसं. चिठ्ठी काढायची. दहा जणांना नवा कप, दहा जणांना साधा. प्रत्येकाला काका मापाच्या काचेच्या नळीने मोजून दीडशे मिली चहा ओतणार. कपबशी हातात घेऊन सहा पावलं चालायचं, खुर्चीवर बसायचं, कप उचलायचा. बशीत जे सांडेल त्याचं वजन करायचं.

काकू म्हणाल्या, "माझा हात बघायला माणसं जमवताय होय?"

"तुझ्याशिवाय एकोणीसच होतात. मला वीस हवेत," काका म्हणाले. इतक्या कोरडेपणाने म्हणाले की काकू आल्या. भिंतीकडेची खुर्ची धरून बसल्या.

हॉलमध्ये नुसता गोंधळ. खरवईचे भोईर तात्या सगळ्यांत मोठ्या आवाजात. "अरे निमकर, चहाला बोलवलंस का काट्यावर तोलायला?" तात्यांच्या चिठ्ठीत साधा कप निघाला. त्यांना दोन कानांचा हवा होता. "बदलून दे ना! कोण बघतंय?"

काका ताठ झाले. "तात्या, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आज तुम्हाला बदलून दिला, तर उद्या मी मला हवं त्याला हवं ते देईन आणि हवं ते सिद्ध करीन. मग एवढा चहा कशाला उकळायचा?"

तात्यांनी साध्या कपातून चौदा ग्रॅम सांडला आणि बेशुद्धीचं इंजेक्शन दिल्यासारखं तोंड करून बसले.

अकरावा नंबर काकूंचा. चिठ्ठीत साधा कप.

काका क्षणभर चिठ्ठीकडे बघत राहिले. लछूभाई पुढे झाले, "भाभीजी को तो अपना वाला दो, साईं." काकांनी नुसती नकाराची मान हलवली. मी तेव्हा दहाव्या बशीच्या वजनात गुंतलो होतो. मान वर केली तेव्हा काकू कपबशी घेऊन निघाल्या होत्या. बशी किणकिणत होती. सहा पावलं. बसल्या. कप उचलला.

बशी कोरडी!

"वहिनी, तुमचा हात आमच्यापेक्षा घट्ट की!" तात्या ओरडले. हॉलभर टाळ्या. काकू लाजल्या आणि मग शेवटपर्यंत बसल्या. विसाव्या माणसाच्या बशीकडे तर त्या वाकून बघत होत्या.

आवरताना सवयीने मी थर्मासमध्ये उरलेला चहा नळीत ओतून पाहिला. पंच्याहत्तर मिली. वीस माणसं, दीडशे मिली, बरोब्बर तीन लिटर चहा मी स्वतः मोजून भरला होता. थोडा कमी पडला असता तर मी म्हटलं असतं, थर्मासला चिकटला. पंच्याहत्तर उरायला काही कारण नव्हतं. मी वही पाहिली. एकोणीस जणांनी थोडाफार तरी सांडला होता, नव्या कपवाल्यांनीही. शून्य एकच.

वही मिटून मी घरी गेलो. स्टोअरवाल्याला मात्र झोप कुठली लागायला.

सोमवारी कामावर जाताना वर गेलो. टेबलावर वजनकाटा होता आणि काका अहवाल लिहीत होते. लछूभाई समोर कपाळाला हात लावून बसले होते. नव्या कपातून साध्याच्या निम्म्याहून कमी चहा सांडला होता, पण काकांनी खाली लिहिलं होतं, 'नमुना लहान. आणखी चाळीस जणांवर पाहावे.'

"इतनी चाय पिलाई, फिर भी छोटा?" लछूभाई मला म्हणाले.

मी वही उघडली. "काका, अकरा नंबरचा कप अर्धाच भरला होता."

काकांनी पेन खाली ठेवलं. टेबलावरची काचेची नळी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "अकरा नंबर वगळा."

"कारण काय लिहू?"

"मोजणाऱ्याची चूक."

"चूक कसली?" आतून काकूंचा आवाज आला. "हातात घेतल्याबरोबर कळलं मला. अर्ध्या कपाचं वजन काय कळत नाही होय बाईमाणसाला?"

त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यात साधे कप होते, काठोकाठ भरलेले. बश्या किणकिणत होत्या. आमच्यापुढे ठेवताना चहा हिंदकळला, माझ्या बशीत थोडा, काकांच्या बशीत चांगलाच. काकूंनी तो पुसला नाही. तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आणखी चाळीस जण कधी बोलावताय? मी येईन. पण पूर्ण भरा."

काटा काकांच्या हाताशीच होता, चालू होता. त्यांनी बशी उचलली. मी सवयीने पेन उघडलं.

काकांनी बशी तोंडाला लावली आणि सगळा चहा पिऊन टाकला.