आंबीलखोऱ्याचा दुश्मन

सकाळी सात वाजता दारात उभं राहून "मूठभर मोहरी द्या बाई, आज घुगरेवाडीत माणसं परत यायचीत" असं म्हणणारा शेजारी तुम्हाला आहे का? मला आहे.

दीड वर्षापूर्वी बदली होऊन मी निपाणीत आले. शाळेत गणित शिकवते. तिसऱ्याच दिवशी शेजारचे कल्लाप्पाअण्णा असे दारात आले. डोक्याला टोपी, अंगात बंडी, चेहरा तहसीलदारासारखा गंभीर. माझं सामान अजून पोत्यांत होतं, त्यातून मोहरी शोधून दिली आणि विचारलं, "कुठली माणसं, अण्णा?"

"आंबीलखोऱ्यातली. दुश्मनानं बारा वर्सं गावं दाबून धरलीवती. आता गेलाय त्यो. गावं परत वसवायला लागलोय. हळूहळू बसतंय."

मला वाटलं, कुठलं तरी धरण असेल, नाहीतर खाणवाला. "दुश्मन" म्हणजे असंच काहीतरी. मी भाबडेपणानं शाळेत सगळ्यांना सांगितलं. विस्थापितांचा विषय म्हटल्यावर बायका हळहळल्या आणि आठवड्यात जुन्या साड्या, शर्ट, पोरांचे स्वेटर यांचं हे एवढं गाठोडं जमलं. आमचे मुख्याध्यापक सावध माणूस. त्यांनी तेवढं विचारलं, "हे खोरं कर्नाटकात येतं की महाराष्ट्रात?" आमच्या भागात हा प्रश्न कुठंही निघतो.

गाठोडं घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी एकेक कपडा हातात घेऊन पाहिला. हसले नाहीत. म्हणाले, "कापड झकास हाय बाई. पण आमची माणसं जरा बारकी हाईत."

आणि मला परसात घेऊन गेले.

पत्र्याखाली दोन पिंपांवर एक जुनं दार आडवं टाकलं होतं. त्यावर वेदगंगेच्या मातीचं खोरं. डोंगर, घाट, मधून नदी, काड्यापेट्यांची घरं, बोटाएवढ्या तुकड्यांत नाचणी पेरलेली. आणि जागोजागी, अंगणात, पाणवठ्यावर, पारावर मोहरीचे दाणे. एक दाणा म्हणजे एक माणूस. गाठोडं हातात धरून मी उभी. मेले मेले, उद्या शाळेत काय सांगू? गावांची नावं ऐका: घुगरेवाडी, गूळवाडी, झुणकापूर, कण्यांचा माळ. ज्यानं कुणी ही नावं ठेवली, तो तेव्हा फार भुकेला असणार.

मुख्याध्यापकांचा प्रश्न मी अण्णांना विचारला. ते म्हणाले, "आमच्यात तसलं काय न्हाय बाई. आमचं भांडण घरातलं."

ते असं का म्हणाले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

अण्णांनी चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. पण खोऱ्यात तंबाखूचं पान लावायला बंदी. "लई शिंकलोय. आमच्या माणसांनी जोंधळा पिकवायचा, भुईमूग पिकवायचा." वखारीतला एक जुना सोबती एकदा खोरं बघायला आला. त्यानं सवयीनं तपकिरीची चिमूट ओढली आणि जी शिंक दिली, त्यात अख्खं झुणकापूर तुळशीकट्ट्यापर्यंत गेलं. दुश्मनाला बारा वर्षांत जमलं नाही ते त्यानं एका दमात केलं. अण्णा चार दिवस गुडघ्यांवर बसून माणसं गोळा करत होते. चिमण्या यायच्या ते वेगळंच. मग दारात हजर: "थोडी मोहरी द्या बाई, घुगरेवाडीत बाळंतपणं झालीत."

माणसं परत आणायचीही त्यांची रीत होती. चिमट्यात दाणा धरायचा, पण थेट घरात ठेवायचा नाही. आधी नदीवर, मग वेशीत. पहिला दिवसभर झाडाखाली. मी एकदा म्हटलं, "अहो अण्णा, ठेवा की सरळ घरात. मोहरीला काय कळतंय?"

"घर सोडून ऱ्हायलेल्या माणसाला एकदम आत जाववत न्हाय बाई," ते म्हणाले. "उंबऱ्यापाशी पाय अडतोय त्याचा. कुणीतरी ये म्हणाय लागतंय."

त्यांच्या बायकोला, लक्ष्मीआक्कांना, या सगळ्याचा उबग आलेला. एके दुपारी त्यांच्याबरोबर शेंगा फोडत बसले होते. मी सहज म्हटलं, "आक्का, अण्णांचा दुश्मन गेला ते एक बरं झालं."

आक्कांचे हात थांबले. "काय बरं झालं? दुश्मन म्हंजे आमचं परशाभावजी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. परशराम हा अण्णांचा धाकटा भाऊ. रेल्वेत होता, लोंढ्याला घर केलं, तिथंच राहिला. हे खोरं दोघांनी लहानपणी अंगणातल्या चिखलात केलं होतं. घरात एक वेळची आंबील आणि दोघं कायम उपाशी, म्हणून ती नावं. थोरला गावं वसवायचा, धाकटा हल्ला करायचा. म्हातारपणी दोघं रिकामे झाले आणि खेळ पुन्हा सुरू झाला, फोनवर. दर गुरुवारी भावजींचा फोन यायचा. त्यांची पलटण मिऱ्यांची. "मसाल्याला मिरं न्हाय, आन परसात पलटण हुबी!" आक्का म्हणाल्या. भावजी लोंढ्यातून हुकूम सोडायचे आणि अण्णा इथं इमानानं स्वतःचीच गावं त्यांच्या ताब्यात द्यायचे. एक मिरं इकडचं तिकडं करायचे नाहीत.

"मग झालं काय?"

"एका गुरवारी भावजी म्हणालं, गूळवाडी जाळली. ह्यांनी काडी वडली आन जाळली की खरोखर! पेटलेली घरं बघितली आन ह्यांचं डोस्कं फिरलं. फोनवर म्हणालं, आई आजारी हुती तवा बी तू आसाच लांबनं हुकूम सोडत बसलास."

आक्का शेंगांची टरफलं उगाच सारखी करत राहिल्या. सासूबाईंच्या दुखण्यात परशाभावजींना रजा मिळाली नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं.

आठ दिवसांनी कार्ड आलं. आक्कांनी ते देवघरातून काढून मला दाखवलं. "सगळे सैन्य काढून घेतले आहे. खोरे तुला लखलाभ. परशराम." एवढंच. त्यानंतर अण्णांनी कितीतरी फोन केले, पण भावजींनी एकही उचलला नाही.

"हे गल्लीभर सांगत सुटलं, दुश्मन गेला, दुश्मन गेला," आक्का म्हणाल्या. "आन घरात दोन दिस जेवलं न्हाईत."

त्या दिवसापासून मी मोहरीची वेगळी बरणीच भरून ठेवायला लागले.

गेल्या महिन्यात अण्णा आले ते मोहरीसाठी नाही. हातात कोरा कागद होता. "माझा हात कापतोय बाई. एक पत्र लिवून द्या."

मी टेबलाशी बसले. ते उभ्यानंच सांगू लागले. "श्री. परशराम यास. आंबीलखोऱ्यातली समदी गावं वसली. हिरींला पाणी हाय. गूळवाडी पयल्यापरास बरी झालीया. जोंधळा कापणीला आलाय. लिवलं?"

"लिहिलं."

"आता लिवा, तरी हल्ला करायला हरकत न्हाय."

मी पेन खाली ठेवला. "अण्णा! दीड वर्ष कंबर मोडून गावं उभी केलीत, ती परत पाडून घ्यायला?"

"मोडकं खोरं जिंकायला कोण येतंय बाई?" ते म्हणाले. "त्याला यावंसं वाटाय नको?"

हा माणूस दीड वर्ष कुणासाठी राबत होता हे मला तेव्हा समजलं, आणि स्वतःच्या सगळ्या चेष्टेची लाज वाटली.

"अजून काही?"

ते खिडकीकडे वळले. "लिवा. आईचं मी जे बोललो ते..." त्यांनी खिडकीचा गज धरला. "ऱ्हाऊ द्या. खोडा ते."

पोरांच्या वहीतलं चुकलेलं उत्तर मी आनंदानं खोडते. हे मात्र माझ्यानं खोडवेना.

"खोडलं?"

"खोडलं," मी म्हटलं, पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी अण्णांच्या परसात होते. अण्णा कण्यांच्या माळावर शेणकाला शिंपडत होते. आक्का पिठाच्या हातानंच फोन घेऊन बाहेर आल्या. "भावजी हाईत."

अण्णांनी हात पुढे केला नाही. आक्कांनीच फोन त्यांच्या कानाला लावला.

अण्णा खाकरले. "किती पलटण आणतोस?"

ऐकलं. मान हलवली. "लई झाली. बरं, आण."

मग आवाज उतरला. "घाटानं येऊ नगोस. चढ लई हाय. नदीकडनं ये, सपाट हाय. गुडघा कसा हाय तुझा?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं. अण्णांनी आता फोन स्वतःच धरला होता, "व्हय, व्हय" म्हणत होते आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसत होते.

"फोनवरनं हल्ला नगो करूस, परशा," ते म्हणाले. "हिथं ये. तुझ्या हातानं कर. मी हाय की घरात."

आक्कांनी पिठाच्या हातानंच पदर डोळ्याला लावला. मीही लावला. खोटं कशाला सांगू?