भंगारवाला चारला येणार होता

२०१६ सालातल्या एका शनिवारी अक्कांचं पंचवीस वर्षांचं कपडे धुण्याचं मशीन भंगारात जायचं ठरलं. भंगारवाला चारला येणार होता. ते मशीन आणलं तेव्हा अक्कांचे यजमान होते. पिळणी सुरू झाली की ते जागचं हलायचं, म्हणून यजमान त्याला पोटाने दाबून वर्तमानपत्र वाचत उभे राहायचे.

"आई, ते मोरीभर चालत सुटतं. किती दिवस दाबून धरायचं?" मुलगा म्हणाला.

"तुलाही लहानपणी दाबूनच बसवावं लागायचं. काढलं का घराबाहेर?"

मुलाने आणलेलं नवं मशीन चौदा महिन्यांचं होतं. गोल काचेचं दार, पुढे दिवे, काम संपलं की गाणं. त्या दिवशी बाराला ते न गाताच थांबलं. दार उघडेना आणि आत साबणाच्या पाण्यात सुनेचे दोन्ही गणवेश. सून इस्पितळात नर्स, ड्यूटी तीनची. मुलाने सगळी बटणं दाबली, प्लग काढून घातला, शेवटी मशीनला "प्लीज" म्हणून पाहिलं. फोनवरची कंपनीची बाई एक दाबा, दोन दाबा करत होती.

"तिलाच बोलाव इकडे दाबायला," अक्का म्हणाल्या.

दीडला कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने पाणी काढलं, दार सोडवलं आणि मान हलवली. "बोर्ड गेला. या मॉडेलचा आता येत नाही, मावशी. मशीनच नवं घ्या."

"चौदा महिन्यांत? अरे, माझं पायपुसणं याहून जास्त टिकतं."

"वॉरंटी बाराच महिन्यांची होती."

अक्कांनी गणवेश बादलीत घातले आणि मोरीत जाऊन जुन्या मशीनवरची चादर ओढून काढली. बटण फिरवलं. मशीन खोकलं आणि गणवेश धुऊ लागलं. पिळणीची वेळ आली तसं थरथरत दाराकडे निघालं. अक्कांनी त्याला पोट टेकवलं.

हत्यारं आवरता आवरता मेकॅनिक थांबला. "मावशी, भंगारात देताय ना हे? निदान झाकण मला द्या. माझ्या घरी हेच आहे."

"तुमच्याकडे कंपनीचं नाही?" मुलाने विचारलं.

"साहेब, मी कंपनीतच आहे. म्हणून तर."

"झाकण मिळणार नाही," अक्का म्हणाल्या. "चहा मिळेल."

सून दमट गणवेशात वेळेवर कामावर गेली. भंगारवाला चारला आला आणि नवं मशीन घेऊन गेला.

पुढे मेकॅनिकने नोकरी सोडून जुन्या मशीनच्या दुरुस्तीचं दुकान काढलं. सून मेट्रन झाली. अक्कांना आता उभं राहवत नाही. दर शनिवारी मुलगा वर्तमानपत्र घेऊन मशीनला पोट टेकवतो, आणि अक्का खुर्चीतून विचारतात, "काय रे, बोलावू का भंगारवाल्याला?"

तो जे काही उत्तर देतो, ते थरथरतच बाहेर येतं.