शेवाळे सर आणि माझं नाक

मी खोटं बोललो. वास येत होता आणि मी "नाही" म्हणालो.

शेवाळे सर आमच्या धायरीच्या वर्कशॉपमधले सर्वांत ज्येष्ठ इंजिनिअर. "वास येतोय का?" हे ते इतक्यांदा विचारत, की कँटीनवाल्यानं अंडी ठेवणंच सोडलं. एका लग्नात स्टेजवर नवरदेवाचा हात धरून त्यांनी तेच विचारलं. "अत्तराचा येतोय, सर." "मग हरकत नाही," म्हणून सर जेवायला गेले.

याला कारण होतं. आम्ही नैसर्गिक वायूतलं पाणी काढणारे टॉवर बनवतो. आत साबुदाण्याएवढे सच्छिद्र मणी असतात, ते पाणी शोषतात. वायूत सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड असला, तर थोडा तोही धरून ठेवतात. "मणी दगाबाज हो," सर सांगत. "दमट हवा लागली की पाणी धरतात आणि विष सोडतात."

ऐन पावसाळ्यात साइटवरून वापरलेल्या मण्यांचा एक डबा तपासायला आला. विष पूर्ण काढलंय, अशी त्यावर माझी सही होती. साइटवर ते काम मी अर्धवट उरकलं होतं.

सरांनी झाकण उघडलं. "जगताप, गॅस मोजायचा मीटर चार्जिंगला आहे. तुमचं नाक द्या. वास येतोय का?"

येत होता. पण हो म्हटलं, तर सही खोटी ठरत होती.

"नाही हो सर. तुमचं आपलं रोजचंच."

"तुम्ही म्हणताय, मग झालं." ते डब्यावर वाकले आणि तिथंच कोसळले. मी श्वास रोखून त्यांना बाहेर ओढलं. ओठ निळे पडले होते. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, तेव्हा पुटपुटले, "बाकीचे बाहेर आलेत ना?"

ऑफिसच्या अहवालानं दोष त्यांच्यावरच ठेवला. मी गप्प राहिलो. ते हॉस्पिटलमधून घरी आल्यावर विश्रांतवाडीला भेटायला गेलो. दार वहिनींनी उघडलं.

"कोविडपासून यांना कसलाच वास येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कळलं तर काढून टाकतील, म्हणून लपवतात. घरी भाजी करपली तरी मलाच विचारतात."

आतून सर म्हणाले, "अहो जगताप, अहवाल बरोबर आहे. नाक नसलेल्यानं झाकण उघडू नये. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

मी खुर्चीवर बसलोच नाही.

"सर, मला वास आला होता. सहीही खोटी होती. उद्या ऑफिसात हेच सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगायचं होतं. मला माफ करा."